फेब्रुवारीत मोजलेली भिंत

इसाल्मी, ८ मार्च १९९८

प्रिय आउनेवहिनी,

गाडी सुखरूप पोचली. वाटेत बर्फ भुरभुरत होता, पण तिने रस्ता सोडला नाही. आता ती आमच्या अंगणात उभी आहे. तिच्या टपावरचा बर्फ मी रोज झाडतो. सोइली खिडकीतून बघते आणि म्हणते, "स्वतःच्या घराच्या छपरावर या हिवाळ्यात एकदा तरी चढलास का?"

कॉफीबद्दल आणि दालचिनीच्या पावांबद्दल आभार. वाटेसाठी बांधून दिलेले पाव इसाल्मी यायच्या आत संपले.

एक गोष्ट तोंडावर बोलता आली नाही, ती लिहितो. मी ओल मोजायचं यंत्र बाहेर काढलं तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला. आर्मासदादाच्या गाडीला त्याच्याच मावसभावाने सुया टोचाव्यात, तेही त्याला जाऊन एक हिवाळा उलटला नसताना, हे बरं दिसलं नाही. पण आमच्या घरगाडीवाल्यांच्या क्लबातले सगळे सांगतात, जुनी घरगाडी घेताना इंजिन नंतर बघा, भिंत आधी बघा. इंजिन बदलता येतं. भिंत आतून कुजली तर घर गेलं. आणि सोइलीने बजावलं होतं. तळ्याकाठच्या उन्हाळी घरातला स्वतःचा वाटा तिने भावाला विकून टाकला, तो या गाडीसाठी. तिला शब्द नको होता, आकडा हवा होता.

आकडा चांगला आला. एकही जागा ओली नाही. क्लबातला एक जण म्हणाला, "आठ वर्षांची गाडी इतकी कोरडी? ती कधी पावसात नेलीच नव्हती की काय?" मी म्हटलं, आमच्या दादाने ठेवलेली गाडी आहे.

सोइलीची एकच तक्रार उरली आहे, की गाडीत सौना नाही. मी म्हटलं, जुलैमध्ये खिडक्या लावून बस.

जूनमधला सण झाला की आम्ही उत्तरेला निघणार. नॉर्वेच्या टोकापर्यंत, जिथे रस्ता संपतो आणि समुद्र लागतो.

गॅसची शेगडी पेटते आणि लगेच विझते. दादा काय करायचा?

तुमचा,
तैस्तो


कुह्मो, १७ मार्च

प्रिय तैस्तो,

मी नव्या जागेत आले. इथे फोन आहे, पण फोनवर जरा गप्प बसलं की समोरच्याला वाटतं लाइन गेली. म्हणून लिहिते.

शेगडीचं बटण दाबून धरायचं आणि प्रभूची प्रार्थना म्हणायची. 'रोजची भाकर' येईपर्यंत सोडायचं नाही. आर्मास चर्चमध्ये कधी गेला नाही, पण 'रोजच्या भाकरी'पर्यंत तो दररोज यायचा.

सुयांचं म्हणशील तर मला राग आला होता. आता नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही टोचल्या असत्या, फक्त कॉफी पिण्याआधी टोचल्या असत्या. तू आधी तीन पाव खाल्लेस.

जागा छान आहे. एक खोली, स्वयंपाकघर, आणि खिडकीतून दवाखान्याचा दरवाजा दिसतो. कोण येतं कोण जातं, सगळं कळतं. शेतघर विकून जे आलं त्यात ही जागा बसत नव्हती. गाडीने ती बसवली. तेव्हा तू मला गाडीचं गिऱ्हाईक वाटत नाहीस, माझ्या स्वयंपाकघराची एक भिंत तू घातली आहेस असं वाटतं. हे मी तोंडावर कधी म्हणणार नाही.

घर सोडताना लाकडांचं वाईट वाटलं. शेडच्या मागे छपरापर्यंत रचलेली होती, आर्मासने शेवटच्या उन्हाळ्यात फोडलेली. नव्या मालकाला तशीच सोडून आले. तो विजेवर घर तापवणार आहे.

एक लक्षात ठेव. मागच्या पलंगाच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीखाली, वसंतात थोडं पाणी जमतं. टॉवेल ठेवायचा आणि सकाळी पिळायचा. काळजीचं काही नाही. आर्मास म्हणायचा, ते आपल्याच श्वासाचं पाणी आहे. दोन माणसं रात्रभर श्वास घेतात, भिंत थंड असते, तो जाणार कुठे? मला ते ऐकायला आवडायचं.

सोइलीला सांग, सौनासाठी कुह्मोला यावं. आमच्या इमारतीच्या तळघरात आहे. गुरुवारी बायकांची पाळी असते.

आउने


इसाल्मी, २६ एप्रिल

प्रिय आउनेवहिनी,

पत्राला उशीर झाला. अंगणातला बर्फ गेला, चिखल आला.

शेगडी पेटली. सोइलीने विचारलं, "तू पुटपुटतोस काय?" मी म्हटलं, प्रार्थना. ती म्हणाली, "हरकत नाही, या गाडीला लागेलच."

टायर बदलावे लागले. नक्षी नव्यासारखी खोल होती, पण रबर जुनं झालं होतं. बाजूंना बारीक चिरा होत्या. अशा गाड्या वर्षातले नऊ महिने एकाच जागी उभ्या असतात, त्यामुळे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. इंजिनाचा पट्टाही बदलला. गॅसची नळी बदलली. आतली बॅटरी रात्रभर दिवा धरत नव्हती, तीही नवी आणली. यात तुमचा काही दोष नाही, हे सगळं जुन्या गाडीबरोबर येतंच. दर खेपेला दुकानातून आलो की सोइली विचारते, "आज समुद्र किती लांब गेला?"

मागच्या कोपऱ्यात टॉवेल ठेवला आहे.

सहज विचारतो. दादाने तो कोपरा कधी उघडला होता का? म्हणजे आतली फळी काढून वगैरे? आठवत असेल तर सांगा. नसेल तर राहू द्या.

बाकी सगळं ठीक.

तैस्तो


कुह्मो, ५ मे

प्रिय तैस्तो,

उघडला नव्हता. का उघडेल? चांगल्या भिंती कोण उघडतं?

मात्र दर वसंतात तो शिडी लावून टपावर चढायचा. हातात ती पिचकारी, खिडक्यांच्या फटी बुजवायची. मी खालून ओरडायचे, "काय करतोस रे?" तो म्हणायचा, "पाइनचे काटे झाडतोय." पिचकारीने काटे झाडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण पुरुषांना टपावर काहीतरी काम लागतंच. तुला माहीत आहे.

मला गाडी पाहावीशी वाटते. अठरा मेच्या आठवड्यात इसाल्मीला यायची बस आहे. डोळ्यांचा डॉक्टर तिथेच आहे, एका फेरीत दोन्ही कामं होतील. राहायला येत नाही, घाबरू नका. गाडीत एकदा पुढच्या सीटवर बसेन, कॉफी पिईन, आणि परतीची बस धरेन.

सोइलीला उन्हाळी घराची आठवण येत असेल. माणसाला जागेची आठवण येते, त्याला इलाज नसतो. समुद्र दिसला की कमी होईल.

आउने


इसाल्मी, १२ मे

प्रिय आउनेवहिनी,

त्या आठवड्यात नका येऊ. आम्ही दोघंही तापाने पडलो आहोत, आणि तुम्हाला लागण व्हायला नको. शिवाय गाडी रंगाऱ्याकडे दिली आहे, इथे नाही.

जूनमध्ये बघू.

तैस्तो


इसाल्मी, ७ जून

आउनेताई,

तैस्तोला हे पत्र माहीत नाही. उद्या सांगेन, टाकून झाल्यावर.

आम्हाला ताप नव्हता. गाडी रंगाऱ्याकडे नव्हती. ती एप्रिलपासून अंगणातच आहे, ताडपत्रीखाली, आणि तिची मागची भिंत काढलेली आहे.

बर्फ वितळल्यावर वास यायला लागला. तळघरात विसरलेल्या बटाट्यांसारखा. तैस्तोने पलंगाखालची फळी काढली. आत लाकडाचा सांगाडा असतो, त्यावर पत्रा असतो. सांगाडा काळा पडला होता. त्याने पेचकस लावला तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा. पाणी वरच्या पट्टीतून शिरत होतं आणि भिंतीतून खाली उतरत होतं. वर्षानुवर्षं. डावी बाजू गेली आहे, मागची गेली आहे, जमीन पलंगापर्यंत गेली आहे.

आणि तिथे एक नवी फळी होती. जुन्या कुजक्या लाकडावर बसवलेली, पितळी स्क्रूंनी, एका रेषेत. असे स्क्रू कोण बसवतं ते तुम्हाला माहीत आहे. तैस्तोने ती फळी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "वहिनीला कळता कामा नये."

मी क्लबच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, हा लपलेला दोष आहे, विकणाऱ्याला माहीत असो वा नसो. उन्हाळा संपायच्या आत कळवलं तर व्यवहार मोडता येतो, नाहीतर किंमत कमी करून घेता येते. हे मी घरी सांगितलं तर तैस्तो म्हणाला, "वहिनीची खोली त्या पैशात आहे."

मी म्हटलं, "माझं उन्हाळी घरही त्याच पैशात आहे."

तो म्हणाला, "ते तू आपणहून दिलंस."

ताई, त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तो रोज सकाळी ताडपत्रीखाली जातो, संध्याकाळी बाहेर येतो, आणि तुम्हाला लिहितो की बाकी सगळं ठीक.

मी वाईट बाई नाही. तुम्हाला घराबाहेर काढायला मी लिहीत नाही. पण माझ्याकडे आता ना तळं आहे ना समुद्र, अंगणात भिंत नसलेली एक गाडी आहे, आणि ज्याने ती विकत घेतली त्याला हे कोणाला सांगायचंही नाही. निदान तुम्हाला माहीत असावं.

सोइली


कुह्मो, १५ जून

सोइली आणि तैस्तो,

हे दोघांनी वाचा. एकमेकांना वाचून दाखवलं तर आणखी बरं, म्हणजे बोलणं तरी सुरू होईल.

सोइली, तुझं पत्र आलं तेव्हा मी उभी होते. वाचून झाल्यावर खाली जाऊन कचरा टाकून आले. मग परत वाचलं. लिहिलंस ते बरं केलंस.

तैस्तो, आता तुझं. फेब्रुवारीत तू शेडमध्ये सुया टोचत होतास तेव्हा मी दारात उभी होते, आर्मासची केसाळ टोपी घालून. बाहेर उणे पंचवीस होतं, शेडमध्ये फार तर उणे वीस. मी चाळीस वर्षं हिवाळ्यात बाहेर कपडे वाळत घातले आहेत. चादर दोरीवर फळीसारखी ताठ होते. हात लावला तर कोरडी लागते. घरात आणली की अर्ध्या तासात पाणी टपकतं. तुझं यंत्र पाणी शोधतं. त्या दिवशी भिंतीत पाणी नव्हतंच, बर्फ होता. हे मला काल रात्री भांडी घासताना कळलं. तुला कधी कळलं?

मला वाटतं तुला तेव्हाच माहीत होतं. तुमच्या क्लबात एवढंही शिकवत नसतील हे मला पटत नाही. शेडमध्ये लोखंडी शेगडी होती. मागे छपरापर्यंत लाकडं होती. एक दिवस आणि एक रात्र शेड तापवली असती तर भिंतीने आपणहून सांगितलं असतं. तू तोंड उघडून का नाही म्हणालास, "वहिनी, शेगडी पेटवा"?

आणि आर्मास. श्वासाचं पाणी. त्यावर आज मी काही लिहीत नाही. लिहायला बसले तर स्वच्छ लिहिता येणार नाही.

एवढंच सांगते. त्याने मला जपलं. भिंत कुजत होती आणि मी टॉवेल पिळत होते, आनंदाने. आता त्याच्यानंतर ते काम तू सुरू करू नकोस. ताप आला, गाडी रंगाऱ्याकडे दिली. एवढं वाईट खोटं बोलायचं असेल तर माणसाने निदान सराव करावा.

मी इमारतीच्या व्यवस्थापकाकडे गेले होते. जागेला गिऱ्हाईक आहे, लगेच आहे. शरद ऋतूपर्यंत व्यवहार होईल. मग मी काजानीला माझ्या बहिणीकडे माळ्यावरच्या खोलीत राहीन. ती म्हणते, ये, पण सकाळी आठच्या आधी जिना वाजवायचा नाही. मी पाचला उठते. बघू.

तुमचं काय देणं लागते तो आकडा कळवा.

आउने


इसाल्मी, २३ जून

प्रिय आउनेवहिनी,

पत्र सोइलीने मोठ्याने वाचलं. मी बसून ऐकलं. 'सराव करावा' इथे ती हसली. आमच्या घरात बऱ्याच आठवड्यांनी कोणी हसलं.

हो. नियम मला माहीत होता. गाडी एक दिवस तरी उबेत ठेवून मग मोजायची. यंत्राच्या डब्यावर आतल्या बाजूला छापलेलं आहे. मी शेडमध्ये शिरलो, शेगडी पाहिली, लाकडं पाहिली. मग तुम्हाला टोपीत पाहिलं. मनात आलं, हिच्या दुःखाच्या घरात येऊन आधी सुया काढल्या, आता म्हणू, रात्रभर शेड तापवा, मी पाहुणा म्हणून राहतो, उद्या परत मोजतो? ते मला जमलं नाही. म्हटलं, मोजल्यासारखं तर झालं.

हे सोइलीला परवा सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू परीक्षेला गेलास, कोरा कागद दिलास आणि घरी येऊन पास झालो म्हणालास."

मी म्हटलं, "साधारण तसंच."

"आणि माझं घर त्या कागदावर विकलंस."

मी ताडपत्रीखाली गेलो.

वहिनी, जागा विकू नका. दोष भिंतीत होता, पण ती मोजणारा मी होतो. वकिलाला मी हेच सांगितलं असतं तर त्याने माझी केस घेतली नसती. लाकडाचं काम मी स्वतः करतो, मजुरी लागत नाही. लागतात ते सामानाचे पैसे: लाकूड, फळ्या, पत्रा, डिंक, नव्या पट्ट्या. ते थोडे नाहीत. गाडी घेतली त्याच्या निम्मे होतील.

सोइलीला तुमची जागा नको आहे. पण तिला हेही मान्य नाही की सगळं आम्हीच गिळावं. ती म्हणते, "सामानाच्या खर्चातलं निम्मं त्यांचं. मला पैशासाठी नको. मला ते बरोबर वाटायला हवं." मी म्हटलं, वहिनींकडे निम्मं कुठून येणार? ती म्हणाली, "ते त्या ठरवतील. त्यांच्या वतीने तू ठरवू नकोस, त्यांनी सांगितलंय तुला."

म्हणून विचारतो. विचारायला मला कसं वाटतं ते तुम्हाला माहीत आहे.

समुद्र या वर्षी नाही.

तैस्तो


कुह्मो, ६ जुलै

तैस्तो, सोइली,

सोइलीचं बरोबर आहे. निम्मं माझं. जागा विकायला नको म्हणता, तर माझ्याकडे दुसरं एकच आहे.

या वर्षी दलदलीत हिलाबेरी चांगली धरली आहे. फुलं होती तेव्हा दक्षिणेकडे रात्रीची थंडी पडली आणि तिथली सगळी गेली. इथे वाचली. बाजारातला व्यापारी आत्तापासून दारोदार फिरतोय, कोणाकडे किती येणार विचारत. दलदलीतल्या त्या एवढ्याशा फळासाठी माणसं वेडी होतात, आणि या वर्षी भाव तसाच असणार आहे. आज ती लाल आहे, कडक आहे. पिवळी पडून मऊ व्हायला अजून पंधरवडा लागेल.

आमची एक जागा आहे. आर्मासच्या आईची होती, तिच्याकडून मला मिळाली. जागा म्हणजे कागदावरची नाही, जंगल सरकारचं आहे, पण इतक्या वर्षांत तिथे दुसऱ्याच्या बुटाचा ठसा मी पाहिला नाही. माझी सख्खी बहीण मला दर ऑगस्टला विचारते, "कुठून आणतेस गं?" मी म्हणते, जंगलातून. ती म्हणते, "मेल्यावर तरी सांगशील?" मी म्हणते, मेल्यावर कसं सांगणार? तिने मला माळ्यावरची खोली देऊ केली तरी मी तिला ती जागा सांगितलेली नाही.

तुम्हाला दाखवते.

कुठे ते लिहिणार नाही. बोट धरून नेईन. वीस जुलैच्या आसपास या. झाकणाच्या बादल्या आणा, आहेत तेवढ्या. लांब बाह्यांचे कपडे आणा, डास हत्तीएवढे आहेत. मी वयामुळे दिवसभर वाकू शकत नाही, पण सकाळभर वाकते. तिघांनी मन लावून वेचली तर माझं निम्मं निघेल. नाही निघालं तर पुढच्या वर्षी उरलेलं.

गाडी चालते का? भिंत नसली तरी चालेल. चाकं नवी आहेत म्हणालास.

आउने

ता. क. बुधवारी मी स्मशानात गेले होते. फुलांना पाणी घातलं आणि आर्मासशी भांडले. शेजारच्या थडग्यापाशी एक बाई होती, ती लांब जाऊन उभी राहिली. मोठ्याने भांडले असणार.


इसाल्मी, १६ ऑगस्ट

आउनेताई,

तैस्तो ताडपत्रीखाली आहे, म्हणून मी लिहिते. नवा सांगाडा उभा राहिला. काल फळी बसली. आता आत शिरलं की लाकडाचा वास येतो, चांगल्या लाकडाचा. खिडकीच्या पट्ट्या तो उद्या लावणार आहे. पिचकारी मी माझ्या हाताने मारणार आहे असं सांगितलं आहे. टपावर कोण काय करतं हे मला दिसलं पाहिजे.

कंबर अजून सरळ होत नाही. पण डोळे मिटले की पिवळे ठिपके दिसतात, आणि ते वाईट नाही.

मला खरं वाटलं होतं की तुम्ही वेड्या आहात. त्या पहिल्या सकाळी. गाडी मागून प्लास्टिकने झाकलेली, वारा भरला की फडफडणारी, आणि तुम्ही पुढच्या सीटवर बसून तैस्तोला भलत्याच रस्त्याला वळायला लावत होतात. तो म्हणाला, "वहिनी, इथे तर दगड आहेत." तुम्ही म्हणालात, "दगडच पाहिजेत. इथे गाडी दिसली तर लोक दगडांत शोधतील." आणि मग तिथून जंगलातून उलटं चालायला लावलंत, बादल्या घेऊन. तैस्तो मागून म्हणत होता, "लष्करात असतं तर मला पदक मिळालं असतं." तुम्ही म्हणालात, "लष्करात असतं तर तू एव्हाना गप्प असतास."

आणि मग झाडं संपली, दलदल लागली.

मी त्याबद्दल लिहीत नाही. तुम्ही म्हणालात, कागदावर नको.

एक मात्र लिहिते. तिसऱ्या दिवशी तैस्तो पलीकडच्या टोकाला होता तेव्हा मी तुम्हाला विचारलं, आर्मासदादांना खरंच सगळं माहीत होतं असं वाटतं का? तुम्ही वेचत राहिलात. मग म्हणालात, "सांगितलं असतं तर मी बॅटरी धरली असती. अंधारात एकट्याने स्क्रू बसवत बसला." आणि बादली उचलून पुढे गेलात. घरी आल्यावर मी ते तैस्तोला सांगितलं. त्या दिवसापासून तो ताडपत्रीखाली जाताना मला हाक मारतो. फळी धरायला. मला फळी धरायला आवडत नाही, हात दुखतात. तरी जाते.

आता हिशेबाचं. व्यापाऱ्याने दिले त्यातून सगळं लाकूड आलं, फळ्या आल्या आणि पत्राही आला. म्हणजे तुमचं निम्मं पुरं झालं. थोडं वर आलं आहे, त्यातून मी तुमच्यासाठी काही आणणार नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. पट्ट्या घेतल्या. वकिलाला मी सोमवारी फोन केला आणि म्हटलं, मिटलं. त्याने विचारलं, "लेखी झालं का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग काही मिटलेलं नसतं." मी म्हटलं, आमच्यात मिटतं.

तेव्हा जागा विकायचं पुन्हा काढू नका. व्यवस्थापकाला नाही म्हणून सांगा. गिऱ्हाईक लावून ठेवू नका. आणि काजानीला जायचं तर पाहुणी म्हणून जा, आठनंतर उठा आणि परत या. मी सप्टेंबरात येते. गुरुवारी. सौना तळघरात असला तरी सौनाच.

उन्हाळी घराची आठवण येते. ती यायचीच, तुम्ही म्हणाला होतात. मी तिला येऊ देते.

काल तैस्तोचा भाऊ बायकोला घेऊन आला होता. मी पॅनकेक केले, त्यावर हिलाबेरी वाढली, भरपूर. तो चमचा हातात घेऊन बघत राहिला. म्हणाला, "या वर्षी? एवढी? कुठून आणलीत?"

तैस्तोने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "बाजारातून. बरीच महाग पडली."

सोइली